मैलाचा दगड आणि टोलनाका

मंगळवार पेठेत एखाद्या परगावच्या माणसाने खासबागेचे मैदान किती लांब आहे असे विचारले, तर मिळणारे उत्तर ठरलेले आहे. "हे काय, मिरजकर तिकटीवरनं चार पावलं!" ती चार पावले प्रत्यक्षात चारशे भरली तरी कोणी तक्रार करीत नाही, कारण सांगणारा त्याबद्दल पैसे मागत नाही. अंतर सांगणे हा तोवर सौजन्याचा भाग असतो. पण तोच मनुष्य हात आडवा करून म्हणू लागला, की या वाटेने जायचे तर इतके पैसे येथे ठेवा, तर विचारणाऱ्याच्या तोंडी दुसरा प्रश्न आपोआप येतो : "किती अंतराचे?"

मैलाच्या दगडाची गोष्ट ही मुख्यतः या दुसऱ्या प्रश्नाची गोष्ट आहे असे आम्हांस वाटते. सभासंमेलनांत 'मैलाचा दगड' हा शब्दप्रयोग आपण इतका वापरतो, की प्रत्येक ठराव, प्रत्येक ग्रंथ आणि प्रत्येक सहकारी संस्थेचा वर्धापनदिन मैलाचा दगड ठरून बसला आहे. खरा दगड मात्र रस्त्याच्या कडेला गवतात उभा असतो, आणि तो वाटसरूच्या सोयीसाठी कोणी तरी दयाळूपणाने पुरला असावा एवढीच आपली समजूत असते. ही समजूत अर्धीच खरी आहे.

दयाळूपणाची, निदान राजधर्माची, परंपरा जुनी आहे हे नाकारण्याचे कारण नाही. सम्राट अशोकाने आपल्या सातव्या स्तंभलेखात रस्त्यांवर वड लावले, ठरावीक कोसांवर विहिरी खणल्या, विसाव्याची घरे बांधली असे कोरून ठेवले आहे. पुढे उत्तरेत शेरशहाने व त्यानंतर मोगलांनी कोसमिनार उभारले. जहांगीराने १६१९ मध्ये आग्र्यापासून लाहोरपर्यंत दर कोसाला मिनार बांधण्याचा हुकूम दिला होता. हरयाणा-पंजाबात शेताच्या मधोमध असे विटांचे उंच मिनार आजही दिसतात. तिकडे रोमन लोकांचे दगडी खांब त्याहून पुष्कळ जुने. 'मैल' हा आपला शब्दच मुळी त्यांच्या 'मिले पासुस', म्हणजे हजार पावले, या शब्दांतून इंग्रजीच्या वाटेने आपल्याकडे आला. त्यांचे एक पाऊल म्हणजे आपली दोन. उजवा पाय उचलला तेथपासून तो पुन्हा टेकला तेथपर्यंत. फौज चालवणाऱ्या राष्ट्राचे हे माप आहे, आणि खांबांवर बहुधा बादशहाचे नाव अंतराहून मोठे असे.

या सर्व खुणांत एक गोष्ट समान आहे. त्या राजाने प्रजेला दिलेल्या होत्या. त्यांच्या आधारे प्रजेने राजाला काही विचारावे अशी कल्पना त्यांत नव्हती.

आमच्या मुलखात तर मिनारांचीही चैन नव्हती. येथे अंतर मोजायचे ते कोसांत आणि मजलांत. मजल म्हणजे एका दिवसाची चाल. ती माणसाच्या पायांवर, बैलांच्या वयावर आणि ऋतूवर अवलंबून. कोस ढोबळमानाने दोन मैलांचा धरला जाई, पण प्रत्येक प्रांताचा कोस निराळा. दर बारा कोसांवर भाषा बदलते असे आपण म्हणतो. कोसही बदलत असे हे सांगायचे राहून जाते. आणि तरीही व्यवहार अडत नव्हता. कारण रस्त्यावर जे पैसे द्यावे लागत ते अंतराचे नव्हतेच. ती राहदारी होती, जकात होती. मालाच्या बैलाने एका अंमलदाराच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकले, की तेथे चौकी. नाणेघाटाच्या माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचे पैसे टाकण्यासाठी होता असे परंपरा सांगते. जकात द्यायची ती हद्द ओलांडल्याबद्दल. पलीकडे वाट धड आहे की दरी आहे, हा प्रश्न चौकीवाल्याच्या अखत्यारीतला नव्हे. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यातील ही अंतर्गत राहदारी १८३८ च्या कायद्याने बंद झाली.

टोल ही वस्तू राहदारीहून निराळी. बाहेरून दोघी बहिणी वाटतात, दोघींच्या दाराशी आडवा बांबू असतो. पण टोलात घेणारा म्हणतो, 'मी हा रस्ता बांधला आहे, त्याचा मोबदला द्या.' मोबदला म्हटला की माप आले. हे माप दगडावर कसे उतरले ते पाहण्यासाठी थोडा वेळ इंग्लंडात जाणे भाग आहे.

तेथे रस्त्यांची दुरुस्ती हे ज्या त्या गावाचे काम होते, आणि गावकरी ते बिनमजुरीच्या कामासारखे करीत, म्हणजे करीत नसत. लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर १६६३ मध्ये प्रथम टोल बसवून पाहिला. अठराव्या शतकाच्या आरंभापासून खासगी विश्वस्त मंडळांची पद्धत रुळली. प्रत्येक मंडळाला पार्लमेंटकडून स्वतंत्र कायदा मिळे, बहुधा एकवीस वर्षांच्या मुदतीचा. मंडळाने कर्ज काढायचे, रस्ता करायचा, फाटक बसवायचे, वसुलीचा मक्ता लिलावात सर्वांत मोठ्या बोलीवाल्याला द्यायचा आणि त्यातून कर्ज फेडायचे. फाटकावर जो फिरता भालेदार अडसर असे त्यावरून या रस्त्यांना 'टर्नपाइक' हे नाव पडले. १८३० च्या सुमारास अशी सुमारे एक हजार मंडळे आणि वीस हजार मैलांहून अधिक रस्ते होते. मक्ता, लिलाव, मुदत, कर्ज ही शब्दावली कोल्हापूरच्या वाचकाला अपरिचित वाटणार नाही. तिकडे आम्ही येतोच.

या मंडळांवर कायद्याने जी बंधने आली त्यांत एक दगडांचे होते. अठराव्या शतकाच्या मध्यापासून एकेका मंडळाच्या कायद्यात मैलाचे दगड लावण्याची अट येऊ लागली आणि १७६७ पासून ती सर्व टर्नपाइक रस्त्यांना लागू झाली. अट कशासाठी, हे समजण्यासारखे आहे. डाकगाडीचे वेळापत्रक, भाड्याच्या घोड्याचे पैसे, टपालाचा हशील, हे सर्व तेव्हा मैलावर ठरे. घोडेवाला म्हणणार बारा मैल झाले, प्रवासी म्हणणार नऊ झाले. त्या दोघांच्या मध्ये साक्षीदार हवा होता, आणि तो दोघांपैकी कोणाचाही मिंधा नसलेला हवा होता. दगड हा असा साक्षीदार. फाटकावर दरांची पाटी आणि वाटेवर अंतराचा दगड, अशी ही जोडी होती. पाटीवर घेणाऱ्याचा हक्क लिहिलेला, दगडावर देणाऱ्याचा.

अर्थात दगडाचा आकडा खरा असला पाहिजे. इंग्लंडात कायद्याने मैल १७६० यार्डांचा ठरला तो १५९३ मध्ये, पण गावोगाव लोक आपापले लांबलचक मैल वापरीतच होते. जॉन ओगिल्बी याने १६७५ मध्ये आपला रस्त्यांचा नकाशासंग्रह काढला तेव्हा चाक ढकलीत रस्ते मोजवले आणि कायद्याचा मैल सर्वत्र लावला. परिणाम असा झाला, की पुष्कळ गावे कागदावर एकाएकी एकमेकांपासून दूर गेली. चाकाखेरीज दुसरे साधन म्हणजे साखळी. सर्व्हेची जुनी साखळी ६६ फुटांची. दहा साखळ्या म्हणजे एक फर्लांग आणि ऐंशी म्हणजे एक मैल. फर्लांग हा शब्द नांगराच्या तासाच्या लांबीवरून आला आहे. शेतकऱ्याचे तास आणि शिपायाची पावले, या दोन मापांची मोट बांधून इंग्रजी मैल झाला आणि म्हणूनच त्यात ५२८० फूट असा विचित्र आकडा येतो.

ही साखळी आणि हा मैल घेऊन इंग्रज मुंबईत आले. आपल्या राज्यातील मैलाच्या दगडांपैकी जुने आणि पाहण्यासारखे दगड मुंबई शहरातच आहेत. १८१६ ते १८३७ च्या दरम्यान कोटातील सेंट थॉमस चर्चपासून उत्तरेकडे मैला-मैलावर काळ्या बसाल्टचे पंधराएक दगड उभे केले गेले. त्यांवर रोमन आकडा आणि चर्चपासूनचे अंतर. देवळापासून मैल मोजण्याची ही रीतही तिकडचीच. केंब्रिजजवळच्या एका रस्त्यावर १७२५ च्या सुमारास तेथल्या मोठ्या चर्चपासून मोजून दगड लावले होते. मुंबईतले हे दगड पुढे विस्मृतीत गेले. रस्त्यावर खडीचा थर, त्यावर डांबर, त्यावर पुन्हा डांबर, असे करता करता पदपथ वर चढत गेला आणि दगड मानेपर्यंत गाडले गेले. काहींचा फक्त माथा वर होता. अलीकडच्या वर्षांत महापालिकेने त्यांपैकी बरेच उकरून, धुऊन, पुन्हा उभे केले आहेत. शहर दगडाला ओलांडून पुढे निघून गेले तरी दगड आपला पाच मैल, सहा मैल असे सांगत उभा होता, ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

देशावर टोलाचा रस्ता आला तो बोरघाटातून. १८०४ मध्ये आर्थर वेलस्लीने तोफांसाठी ही वाट बरी करून घेतली होती. पण गाडी चालेल असा घाटरस्ता मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १० नोव्हेंबर १८३० रोजी खुला केला. कोकण आणि देश यांच्यामधली भिंतच आता पडली, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढले होते, आणि त्यांत अतिशयोक्ती फारशी नाही. तोवर माल बैलाच्या पाठीवरून चढे. आता तो गाडीतून चढू लागला. घाटावर टोल बसला आणि त्याचा मक्ता दिला जाऊ लागला. पुढे १८५१ चा आठवा कायदा सरकारी खर्चाने बांधलेल्या रस्त्यांवर व पुलांवर टोल घेण्यासाठी आला, आणि मुंबई इलाख्याचा स्वतंत्र कायदा १८७५ मध्ये झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याहून सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर, निपाणीवरून बेळगावास जाणारा रस्ता खडीचा झाला, त्यातून कोकणात उतरणाऱ्या घाटवाटा रुंद झाल्या, आणि दर मैलाला दगड व दोन मैलांच्या मध्ये फर्लांगाचे सात लहान दगड ही रस्त्याकडेची ओळखीची रांग उभी राहिली. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. तोवर हा हमरस्ता वाटेत संस्थानची हद्द ओलांडून जात होता. रस्त्याला मात्र हद्द नव्हती. पलीकडच्या दगडाचा पुढचा आकडा अलीकडच्या दगडावर येई.

येथे नागपूरच्या 'झीरो माइल'चाही उल्लेख केला पाहिजे, नाही तर वाचक विचारतील. चार घोडे व एक खांब असलेले ते स्थान भारताचा मध्यबिंदू आहे असे शाळेत शिकवले जाते. मोजणीखात्याचे ते एक ठाणे आहे, आणि खांबावर जबलपूर, हैदराबाद, चांदा वगैरे गावांची मैलांतील अंतरे आहेत. देशाचे सगळे मैल तेथून मोजले जातात असे मात्र नाही. प्रत्येक रस्त्याला त्याचे स्वतःचे शून्य असते.

मोटार आली आणि टोलाची गरज काही काळ संपली. डॉ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये रस्तेविकास समिती नेमली गेली. तिने १९२८ मध्ये अहवाल दिला, आणि पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर घेऊन १९२९ मध्ये केंद्रीय रस्तेनिधी उभा राहिला. ही युक्ती आम्हांस फार शहाणपणाची वाटते. जो जितका चालेल तितके पेट्रोल जाळील. म्हणजे गाडीची टाकीच मैल मोजणार. फाटक नको, मक्तेदार नको, हुज्जत नको. दगड राहिला, पण त्याचे साक्षीदाराचे काम सुटले आणि तो निव्वळ वाटाड्या झाला. आमच्या पिढीने त्याला याच रूपात ओळखले. मापे बदलण्याचा कायदा १९५६ चा. त्याप्रमाणे १९६० नंतरच्या दशकात मैलाचे किलोमीटर झाले, दगडांचे आकडे एकदम दीडपटीहून मोठे झाले, आणि पुष्कळ वृद्धांना पुणे दूर गेल्यासारखे वाटले. ओगिल्बीच्या वाचकांना वाटले होते तसेच!

टोल परत आला तो गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात. खासगी भांडवलाने रस्ता बांधायचा, ठरावीक वर्षे वसुली करायची, मग रस्ता सरकारच्या स्वाधीन करायचा. नीट पाहिले तर हा जुन्या विश्वस्त मंडळांचाच साचा आहे. फरक एवढाच, की दगडाची जुनी अट पाटी, पावती आणि करार यांत विखुरली गेली. कोल्हापुरात काय घडले ते वाचकांच्या डोळ्यांसमोर आहे. शहरातील सुमारे पन्नास किलोमीटर रस्ते असे बांधले गेले, तीस वर्षे वसुली ठरली, आणि शहरात येणाऱ्या वाटांवर नऊ नाके उभे राहिले. ऑक्टोबर २०१३ मध्ये टोल सुरू झाला. सर्वपक्षीय कृती समितीने त्याआधीपासून विरोध चालवला होता, प्रा. एन. डी. पाटील आणि कॉ. गोविंद पानसरे हे त्याचे अग्रणी. जानेवारी २०१४ मध्ये नाक्यांची मोडतोड व जाळपोळही झाली. पानसरे यांच्यावर फेब्रुवारी २०१५ मध्ये गोळ्या झाडल्या गेल्या आणि २० फेब्रुवारीला ते गेले. त्यांचा खून व टोल यांचा संबंध आम्ही येथे जोडीत नाही. एवढेच, की टोल उठलेला पाहायला ते राहिले नाहीत. डिसेंबर २०१५ मध्ये सरकारने टोल रद्द केल्याचे जाहीर केले.

रस्त्यांच्या दर्जाबद्दल, अपुऱ्या कामांबद्दल तेव्हा पुष्कळ बोलले गेले. पण चिडीचे मूळ आमच्या मते आणखी एका ठिकाणी होते. नाका शहराच्या वेशीवर होता. फुलेवाडीकडून भाजी घेऊन आलेला गाडीवाला नव्या रस्त्यावरून एक फर्लांग गेला काय आणि दहा किलोमीटर गेला काय, पैसे तेवढेच. ज्या शुल्कात अंतराचा प्रश्नच नाही ते शुल्क लोकांना टोल वाटत नाही, जकात वाटते. नाव टोलाचे, रीत राहदारीची. कोल्हापूरकरांनी हे पुस्तकात वाचले नव्हते. त्यांना ते वेशीवर उभे राहून कळले.

असे कळलेले ते पहिलेच लोक नव्हेत. वेल्समधील शेतकरी शेतात टाकायला चुनखडी आणीत. वाटेत एकामागून एक निराळ्या मंडळांची फाटके, आणि प्रत्येक ठिकाणी पैसे. चुनखडीपेक्षा टोल महाग पडे. मे १८३९ मध्ये स्त्रियांचे पोशाख चढवून, तोंडाला काळे फासून शेतकऱ्यांनी पहिले फाटक फोडले. पुढाऱ्याला म्हणायचे 'रिबेका'. बायबलातील रिबेकेला दिलेल्या आशीर्वादात वैऱ्यांच्या वेशी तिच्या वंशाच्या ताब्यात येवोत असे शब्द आहेत, त्यावरून. १८४३ पर्यंत हे चालले. सैन्य आले, शिक्षा झाल्या. पण चौकशी आयोगही बसला, आणि १८४४ च्या कायद्याने मंडळांची गर्दी मोडून चुनखडीच्या गाड्यांवरचा टोल निम्मा केला. पुढे आगगाडीने सगळ्याच टर्नपाइक रस्त्यांचे उत्पन्न खाल्ले, आणि ब्रिटनमधले शेवटचे असे मंडळ १८९५ मध्ये मोडले.

राष्ट्रीय महामार्गावरचा टोल आपल्याकडे चालूच आहे; पुण्याला जाताना किणी आणि तासवडे चुकत नाहीत. २००८ च्या नियमांत एका बाजूला दोन नाक्यांमध्ये साधारणतः साठ किलोमीटर अंतर असावे अशी तरतूद आहे, म्हणजे अंतराचा विचार अगदीच सुटलेला नाही. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये नियमांत आणखी बदल होऊन उपग्रहाच्या साहाय्याने प्रत्यक्ष कापलेल्या अंतरावर शुल्क घेण्याची, आणि अशा वाहनांना दिवसाचे पहिले वीस किलोमीटर माफ करण्याची सोय कागदावर आली. कापलेल्या अंतराचेच पैसे, ही कल्पना न्यायाची आहे. जुन्या दगडाच्या मनातली आहे असे म्हणू. आमची शंका वेगळी आहे. दगडावरचा आकडा निरक्षर गाडीवानालाही कोणाकडून तरी वाचवून घेता येई आणि पुन्हा चालून पडताळता येई. उपग्रहाचे मोजमाप गाडीवान कशाशी ताडून पाहणार? मोजणारा आणि घेणारा एकच झाला तर साक्षीदार कोण, याचे उत्तर नियमांत आधी हवे.

तोवर दगड वाचता येणे वाईट नाही. माथा पिवळा असेल तर रस्ता राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग, नारिंगी असेल तर ग्रामसडक योजनेतला. माथ्यावर रस्त्याचा क्रमांक असतो, त्याखाली पुढच्या गावाचे नाव व अंतर. दर पाचवा दगड मोठा असून त्यावर अधिक गावे असतात. फर्लांगाच्या धाकट्या दगडांच्या जागी आता दोनशे-दोनशे मीटरचे दगड आले आहेत आणि त्यांवर नुसतेच २, ४, ६, ८ असे आकडे असतात. रात्री घाटात गाडी बंद पडली किंवा अपघात झाला, तर 'एका मोठ्या वडाजवळ' असे फोनवर न सांगता मोठ्या दगडाचा किलोमीटर आणि धाकट्या दगडाचा आकडा सांगावा. पोलिसांच्या पंचनाम्यातही जागा अशीच लिहिली जाते, आणि मदतीला निघालेला मनुष्य अंधारात दोनशे मीटरांच्या आत नेमका येऊन पोहोचतो.